नाती बोले, जावया लागे

नवा मास्तर जांगाला झाला ही बातमी मेझीला दुकानात कळली, आणि तीही अशा वेळी की पळायला जागा नव्हती.

पाच महिने बहिणीकडे, पश्चिमेच्या वस्तीवर राहून ती त्याच दिवशी सकाळी परतली होती. घरात पीठ नाही, चहा नाही, म्हणून पिशवी घेऊन दुकानात आली. पिठाला हात घालते न घालते तोच तिची नणंद आयव्ही शेजारी येऊन कुजबुजली, "वहिनी, मागे वळू नकोस. तुझा जावई टूथपेस्ट घेतोय."

"कुठला जावई?" मेझीने विचारलं. तिला एकच जावई होता आणि त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"नवा मास्तर गं. लाल केसांचा. पोरांनी जांगाला केलाय त्याला."

मेझीने पुढे काही विचारलं नाही. ती नाकामारा होती. वस्तीत प्रत्येकाला आठांपैकी एक गोतनाव असतं, आणि ते एकदा चिकटलं की आई, बाप, मेव्हणे, सासवा असं सगळं गणगोत त्याच्यामागून आपोआप येतं. जांगाला म्हटला की तो नाकामारांचा जावई. त्याने तुमच्या पोरीशी लग्न केलंय की नाही, तो काळा की गोरा, हे कोणी विचारत बसत नाही. आणि जावयाने सासूच्या, सासूने जावयाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नसतं. बोलायचं नाही, बघायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही. बाहेरच्यांना वाटतं यांचं भांडण आहे. भांडण कसलं, मान आहे तो. रविवारी चर्चमध्ये येशूलाही आमच्याकडून इतका मान मिळत नाही.

सहासष्ट वर्षांची मेझी गुडघ्याचं दुखणं विसरून कांगारूच्या शेपट्यांच्या फ्रीजरमागे जाऊन बसली.

आता मास्तराचं दुर्दैव असं की तो फार सभ्य होता. मेझीबाई परत आल्या आहेत, गुरुवारी मुलांना झाडपाला शिकवायला त्याच येणार आहेत, हे त्याच्या कानावर आलं होतं, आणि मोठ्या माणसांची ओळख आपण होऊन करून घ्यावी असं त्याच्या आईने त्याला शिकवलं होतं. तो फ्रीजरला वळसा घालून आला. मेझी ओणव्यानेच दुसऱ्या बाजूला सरकली. "नमस्कार, मी कॅलम," असं म्हणत तो त्या बाजूला आला. ती पुन्हा पहिल्या बाजूला. असे दोन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्याला मेझीने हातातली रिकामी पिशवी डोक्यात घातली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गल्ल्यावरची पोरगी हसून हसून गल्ल्यावरच आडवी झाली. शेवटी आयव्हीने मास्तराला दंडाला धरून बाहेर काढलं, टूथपेस्ट त्याच्या हातात तशीच.

"माझं काही चुकलं का?" तो विचारत होता.

"चुकलं काही नाही. चार दिवसांपूर्वी जन्माला आलात, एवढंच," आयव्ही म्हणाली आणि त्याला शाळेच्या दिशेला लावून दिलं.

मग दुकानासमोरच्या झाडाखाली बसून तिने मेझीला सगळं सांगितलं. आयव्ही शाळेत मदतनीस होती, त्यामुळे झाला प्रकार तिच्या डोळ्यांदेखत झाला होता, किंवा व्हायला हवा होता. गेल्या वर्षी तीन मास्तर आले आणि तिघेही महिन्या-दोन महिन्यांत पळाले. हा मात्र चार महिने टिकला. याने उन्हाळा काढला, माश्या गिळल्या, आणि तरी सोमवारी वर्गात हजर. तेव्हा पोरांनी ठरवलं की याला आता कोणाचा तरी कोणीतरी करायला हवा. त्यावरून वर्गात भांडण जुंपलं. एकाला तो भाऊ हवा होता, दुसरीला मामा. तेवढ्यात शोनेल उठली, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'जांगाला' लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली. शोनेल म्हणजे मेझीची आठ वर्षांची नात, लेक रेनीची मुलगी. वर्गात कधी तोंड न उघडणारी. ती उठली याचंच सगळ्यांना इतकं नवल वाटलं की वाद घालायचं कोणाला सुचलं नाही.

"आणि तू काय करत होतीस?" मेझीने विचारलं.

"मी ब्रश धूत होते. वळून बघते तर तुझा जावई तयार."

"रेनी काय म्हणाली?"

"तिला दवाखान्यात कामावर सगळ्या चिडवतायत, नवरा आला म्हणून. ती म्हणते नवरा राहू दे, त्याच्याकडे कपडे धुवायचं मशीन आहे ते बरंय. त्याची बायको येतेय पुढच्या सत्रात अ‍ॅडलेडहून. म्हणजे तुला आणखी एक लेक झाली बघ."

मेझी हसली नाही. तिच्या मनात गुरुवार होता.

थंडी पडली की शाळेची पोरं एक दिवस रानात जातात, आणि म्हातारी माणसं त्यांना काय खायचं, काय उकळून लावायचं, कशाला शिवायचं नाही ते दाखवतात. वीस वर्षं हे काम मेझीकडे होतं. गेल्या वर्षी थंडीच्या वेळी मास्तरच उरला नव्हता म्हणून सहल झाली नाही, कारण मास्तराशिवाय शाळा पोरांना कुंपणाबाहेर सोडत नाही. त्याआधीची दोन वर्षं मेझीच्या घरात सुतक होतं. अशी तीन वर्षं पोरं रानात न जाताच मोठी झाली होती. यार्ला हा कंद त्यांना माहीत होता तो भाजलेला, ताटलीतला. जमिनीखाली तो कुठे दडतो हे त्यांतल्या एकालाही दाखवता आलं नसतं, आणि ही गोष्ट मेझीला दुखऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त त्रास द्यायची.

आता मास्तर आला, तर सासूला तिथे थांबता येत नाही. मास्तर नाही आला, तर सहलच नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"यंदा तू शिकव," मेझी म्हणाली.

"मी? माझ्या हातची वानाकिजी खाऊन माझी पोरं दोन दिवस पोट धरून लोळत होती, विसरलीस?"

वानाकिजी म्हणजे रानातलं टोमॅटोसारखं फळ. हुबेहूब तसंच दिसणारं दुसरं एक असतं, त्याला कुत्रंही तोंड लावत नाही. आयव्हीला लिहिता-वाचता छान यायचं, इंग्रजी फाडफाड यायची, पण झाडं तिला सगळी सारखीच दिसायची.

"मग नावच बदलून टाक की," आयव्ही म्हणाली. "चार दिवसांचं तर आहे, अजून ओलं आहे. त्या नर्सचं नव्हतं का बदललं, ती चुकून स्वतःच्याच नवऱ्याची आजी झाली होती तेव्हा? तू म्हणालीस तर कोणी आडवं येणार नाही. जाम्पिजिन्पा कर त्याला. शोनेलचा भाऊ, म्हणजे तुझा नातू. नातवाशी हवं तेवढं बोल, शिव्या घातल्यास तरी चालतील."

हे मेझीला पटलं. पटण्यासारखंच होतं. संध्याकाळी पोरीला समजावायचं आणि दुसऱ्या दिवशी आयव्हीने शाळेत जाहीर करायचं, असं ठरवून ती राहिलेलं पीठ घ्यायला पुन्हा दुकानात गेली.

संध्याकाळी अंगणातल्या शेकोटीवर चहाचं डबडं उकळत होतं. शोनेल राखेत भाजत ठेवलेला पाव काठीने उलटत होती. वयाच्या मानाने ती बुटकी होती आणि शब्दांच्या बाबतीत कंजूष.

"शोनेल, मास्तराला जांगाला का केलंस गं?"

शोनेलने पाव पुन्हा उलटला.

"जाम्पिजिन्पा केलं असतंस तर भाऊ झाला असता."

"भाऊ आहेत मला. सात."

"मग मामा?"

"मामा पण आहेत."

पोरगी काठीने राख सारखी करत राहिली आणि मग खालमानेने म्हणाली, "खेळांच्या दिवशी सगळ्यांचे बाबा दोरीपाशी उभे होते. डॅरिलचे तर तीन होते."

आमच्यात बापाचे भाऊ ते सगळे बापच. म्हणून एक बाप गेला तरी पोर सहसा पोरकं होत नाही, बाकीचे असतात. पण शोनेलचा बाप दूरच्या वस्तीतून लग्न होऊन आलेला, एकटा. काळीज बंद पडून तो गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यानंतर इथे जांगाला म्हणावा असा एकच माणूस उरला, आणि तो म्हणजे दिवसभर कुत्र्यांशी भांडणारा एक बहिरा म्हातारा.

"मग, तू धावलीस का?"

"हो. शेवटून दुसरी आले." राखेवर आणखी दोन रेघोट्या झाल्या. "सर माझ्यासाठी ओरडत होते. डॅरिलच्या तिघांपेक्षा मोठ्याने. मग मी लिहिलं."

मेझीने पाव बाहेर काढला, राख झटकली आणि मोडून अर्धा तिला दिला. नाव बदलायचं आहे हे सांगायला तिने तोंड उघडलं होतं, ते पाव खाण्याच्या कामी आलं.

पोरगी आत गेल्यावर ती बराच वेळ शेकोटीपाशी बसली. तिला तिचा जावई आठवत होता. अकरा वर्षांत तिने त्याचं तोंड समोरून पाहिलं नव्हतं, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि तरी वस्तीतल्या दुसऱ्या कोणाची तिला त्याच्याइतकी खात्री नव्हती. वाळूत त्याची पावलं ती लगेच ओळखायची, डावा अंगठा बाहेर पडलेला. पावलं दिसली की वाट बदलायची. शिकार झाली की चांगला वाटा रेनीच्या हाती आधी सासूकडे यायचा. तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे मेझीने आणि रेनीने बोलणं सोडलं, दीड वर्ष. पाणी आण, दार लाव, त्या कुत्र्याला हाकल, सगळं हातांच्या खुणांनी चालायचं. बायकांची ही हातांची बोली जुनी आहे आणि तोंडाच्या बोलीइतकीच भरलेली आहे, तिच्यात चहाड्यासुद्धा करता येतात. पाच वर्षांची शोनेल दोघींच्या मधे बसून ती शिकली. बाकीची पोरं बोलायला शिकतात त्या वयात ही न बोलायला शिकली, असं आयव्ही म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

म्हणजे प्रश्न असा होता की रान दाखवायचं, की पोरीला मिळालेला बाप काढून घ्यायचा. मेझीला रानही हवं होतं आणि बापही. म्हातारपणी माणूस हावरट होतं, त्याला काही इलाज नाही.

सकाळी शाळेच्या फाटकापाशी तिने आयव्हीला गाठलं. "नाव राहू दे."

"आणि गुरुवार?"

"गुरुवार पण राहू दे. त्याला म्हणावं बस चालव, लांब बस, आणि पोरगी सांगेल ते वहीत लिही. मी पोरीला सांगीन."

"म्हणजे लेकी बोले सुने लागे."

"नाती बोले जावया लागे," मेझी म्हणाली. "लागल्याशी कारण."

गुरुवारी सकाळी आयव्हीची टोयोटा पुढे, त्यात मेझी, आणि मागे धुळीचा लोट खात शाळेची बस. टेकड्यांच्या पायथ्याशी, जिथे लाल वाळू संपून दगड सुरू होतात तिथे गाड्या थांबल्या. मेझी उतरली आणि आधी तिने जमिनीला हाक घातली, तिथल्या जुन्या, गेलेल्या माणसांना ऐकू जाईल अशी. आम्ही आलोय, ही पोरं आमचीच आहेत, अजून त्यांना काही येत नाही, सांभाळून घ्या. मग एकेका पोराचं नाव घेतलं.

"आणि मास्तर?" आयव्ही म्हणाली. "त्याची ओळख नको करून द्यायला?"

"मी कशी देऊ? तू दे."

"आणि तो लाल केसांचा," आयव्ही टेकड्यांकडे तोंड करून ओरडली, "तो पण आपलाच."

मास्तराला शंभर पावलांवरच्या एका वेगळ्या झाडाखाली बसवलं होतं. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, तिच्या सावलीत यायचं नाही, असं आयव्हीने त्याला बजावलं होतं. तेसुद्धा त्याने वहीत लिहून घेतलं होतं.

मेझीने पहिल्यांदा दगडांच्या कपारीतलं लिंबाच्या वासाचं गवत दाखवलं. तळहातावर चोळून पोरांच्या नाकाला लावलं. सर्दी झाली की हे उकळायचं आणि त्या पाण्याने छाती शेकायची. एक जुडी शोनेलच्या हातात दिली. "जा, सांगून ये."

शोनेल गेली. मास्तरापुढे उभी राहून ती पायाच्या बोटांशी काहीतरी पुटपुटली. त्याने कान पुढे केला. तिने पुन्हा पुटपुटलं. तिसऱ्या वेळेला त्याला कळलं, पण मग त्याने विचारलं, किती वेळ उकळायचं? ती परत पळत आली. "पाण्याचा रंग बदलेपर्यंत," मेझीने सांगितलं. ती पुन्हा पळत गेली. डॅरिल आणि त्याचे मित्र हसत होते.

दुसऱ्यांदा चिकट पानांचं झुडूप झालं, ज्याचा काढा खरजेवर लावतात. तिसऱ्यांदा वानाकिजी: फळ उभं चिरायचं, आतल्या काळ्या बिया खरवडून टाकायच्या, मगच खायचं. आणि हे दुसरं, पानाखाली काटे असलेलं, याला हात लावायचा नाही. शोनेलने दोन्ही फांद्या दोन हातांत धरून नेल्या आणि वाटेतच मोठ्याने घोकायला लागली, उजवं खायचं, डावं नाही, उजवं खायचं. मास्तरासमोर आल्यावर त्याचा उजवा कुठला आणि आपला कुठला याचा घोटाळा तिच्या लक्षात आला, तेव्हा तिने त्याला उठवून आपल्याच दिशेला तोंड करून उभं केलं. मेझी हे तिरक्या नजरेने बघत होती, जावई सोडून बाकी सगळं दिसेल अशा बेताने. तिला मोठी मौज वाटत होती.

मास्तराला मात्र मौज वाटत नव्हती. त्याला दिसत होतं ते एवढंच की एक लहान पोरगी उन्हात शंभर पावलं येते, शंभर पावलं जाते, आणि एक म्हातारी बाई त्याच्यामुळे पाठमोरी होऊन शिकवते आहे. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

मग आला यार्ला. मेझीने पोरांना एका वेलीमागून चालवत नेलं आणि जमिनीला केसाएवढी भेग पडली होती तिथे थांबवलं. लोखंडी पहार दिली आणि म्हणाली, "ठोका. ऐका." पोरांनी एकेक करून ठोकलं. एका जागी आवाज पोकळ आला. "इथे," डॅरिल म्हणाला, आणि आपलंच बोलणं ऐकून चकित झाला. मग सगळी मिळून खणायला लागली, पहारीने, डब्याने, हातांनी. कंबरेइतका खड्डा झाला तेव्हा पोरांच्या डोक्याएवढा पहिला यार्ला वर आला. मेझीने तो शोनेलच्या हातात दिला. तीन वर्षं ती या घटकेची वाट बघत होती आणि आता तिला गुडघा आठवतसुद्धा नव्हता.

"सर, या ना बघायला," पोरं ओरडत होती. सर येऊ शकत नव्हते.

थोड्या वेळाने पोरं एकाएकी फिदीफिदी हसायला लागली. मेझीने वळून पाहिलं आणि चटकन झुडपाआड झाली. मास्तर येत होता. उलटा चालत येत होता. हातात टोपी, पाठ पुढे, एकेक पाऊल काटेरी गवतातून चाचपत, आणि तोंडाने सारखं चाललेलं, "मी बघत नाहीये. मेझीबाई, मी तुमच्याकडे अजिबात बघत नाहीये." त्याची समजूत अशी झाली होती की भानगड फक्त तोंडाची आहे. तोंड दाखवलं नाही की झालं.

"मास्तर, थांबा, खड्डा," आयव्ही म्हणाली. तोवर तो खड्ड्यात बसलेला होता.

पोरं वाळूत लोळली. आयव्हीसुद्धा पहारीला टेकून हसत होती. मास्तराने टोपी झटकली, पण वर यायचा प्रयत्न केला नाही. पाठ तशीच ठेवून तो खड्ड्यातूनच बोलला.

"आयव्ही, त्यांना एवढं सांगा. मला हे नाव नको. म्हणजे, आवडलं मला, फार आवडलं. पण माझ्यामुळे त्यांना नीट शिकवता येत नाहीये आणि या पोरीची नुसती पळापळ होतेय. मी आपला कॅलमच बरा. नाव मी परत करतो."

हसणं थांबलं. नाव परत करता येतं हे पोरांना माहीतच नव्हतं. शोनेल खड्ड्याच्या काठावर यार्ला छातीशी धरून उभी होती. ती रडली वगैरे नाही. तिने तो यार्ला हळूच खाली ठेवला, तोही आता परत द्यायचा असल्यासारखा.

आयव्ही मेझीकडे बघत होती. तिच्या मनात काय आहे हे मेझीला न सांगता कळत होतं. सुटलीस, वहिनी. त्याने आपण होऊन दिलं, तुझ्याकडे दोष येत नाही. नुसती मान हलव, उद्यापासून तो तुझा नातू, त्याच्या शेजारी बसून सगळं रान त्याला सांग.

मास्तर दहा पावलांवर होता. इतक्या जवळून मेझीला आवाज काढता येत नव्हता. तिने बोटांनी चुटकी वाजवली, शोनेलने वर पाहिलं, आणि मेझीचे हात बोलायला लागले. पहिली खूण खड्ड्याकडे होती. दुसरी बापाची. ती खूण त्या घरात तीन वर्षांत कोणी केली नव्हती. शोनेल नुसती बघत राहिली, तेव्हा मेझीने सगळं पुन्हा केलं, पहिल्यापासून, सावकाश, झाड दाखवताना करायची तसं.

"काय म्हणते गं?" डॅरिलने विचारलं. त्याला पाणी आणि कुत्रं याच्यापलीकडे खुणा येत नव्हत्या.

शोनेल खड्ड्याकडे वळली. मग ती बोलली, आणि वर्गातल्या कोणी तोवर तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"आजी म्हणते, तुझ्या बाबाला सांग, आमच्यात बाप झालेला माणूस परत करत नाहीत." ती थांबली, मेझीच्या हातांकडे पाहिलं आणि पुढे म्हणाली, "आजी म्हणते, खड्ड्यात पडलात ते बरं झालं. तिथून ती तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही तिला. तिथेच बसा आणि वही उघडा." मग जे कोणी हातांनी सांगितलं नव्हतं ते तिने आपल्या पदरचं जोडलं. "आणि मला पळायला काही होत नाही, बाबा."

खड्ड्यातून नाक ओढल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "बरं. लिहितोय. यार्लाचं स्पेलिंग सांग."

त्या दिवशीचा उरलेला वर्ग असा झाला. मास्तर कंबरेइतक्या खड्ड्यात, मांडीवर वही. शोनेल काठावर पाय सोडून. झुडपापलीकडे मेझी आणि तिच्याभोवती बाकीची पोरं. कुठल्या मुळात अळी सापडते, कुठल्या बिया भाजून दळायच्या, कुठल्या सालीची राख कामाची. मेझी हातांनी सांगायची, शोनेल बघायची, वळून मोठ्याने सांगायची, खालून प्रश्न यायचा, शोनेल त्याचं उत्तर स्वतःच देऊन टाकायची आणि मग आजीकडे बघायची, बरोबर का म्हणून. चारदा बरोबर होतं, दोनदा नव्हतं. मधेच मास्तराच्या हाताला खड्ड्याच्या भिंतीत काहीतरी गुळगुळीत लागलं. त्याने नखांनी माती काढली आणि एक भलामोठा यार्ला ओढून वर धरला. "हा कोणाला द्यायचा?" त्याने विचारलं. शोनेलने तो घेतला आणि कोणाला न विचारता नेऊन आजीच्या पुढ्यात ठेवला. आयव्हीने भुवया उंचावल्या. तो यार्ला मेझीने पोरांना भाजायला निखाऱ्यात टाकू दिला नाही, घरी नेला.

परतताना टोयोटात दोघीच होत्या. धुळीतून बस मागे येत होती.

"आता जन्मभर त्याच्याशी बोलता येणार नाही तुला," आयव्ही म्हणाली. "मेलीस तरी नाही. एवढं सगळं डोक्यात घेऊन बसली आहेस, ते त्या वहीत जायचं कसं?"

"पोरगी आहे ना मधे."

"तिला किती दमवशील?"

"दमत नाही ती. बाकीची पोरं एकदा ऐकतील. ही ऐकेल, आणि सांगेलही." मेझीने गुडघ्यावर हात फिरवला. "शिकवायचं म्हणतेस ते आणखी काय असतं?"



वस्तीच्या फाटकापाशी गाडी थांबली. आयव्ही फाटक उघडायला उतरली. मागे बस येऊन उभी राहिली, इंजिन बंद झालं. मेझीने मान वळवली नाही, रीतच तशी. पण बसच्या खिडक्या उघड्या होत्या आणि आतून शोनेलचा आवाज येत होता. ती पुढच्या सीटवरच्या कोणाला तरी बजावून सांगत होती की नाही, असं नाही, आधी ठोकायचं, मग ऐकायचं, मग खणायचं, आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती.